दोनशे सहा आणि दोनशे सातच्या मधे

मला सिनेमातलं फारसं कळत नाही. नगरला माझ्या हॉस्टेलच्या खोलीतल्या मुली एखादा सिनेमा पाहून आल्या की दोन दोन दिवस त्यावर बोलतात. कुणाचं काम कसं झालं, गाणी कुठे कमी करायला हवी होती, शेवट तसा का केला. मी ऐकत राहते. माझं मत विचारलंच तर "बरा होता" म्हणते. खरं सांगायला लाज वाटते. लहानपणी पाहिलेले सिनेमे मला नावांनी आठवत नाहीत, खोल्यांच्या नंबरांनी आठवतात. एक दोनशे दोनमधला, त्यात घोडा मरतो. एक दोनशे नऊमधला, त्यात लग्नाच्या मांडवात वीज जाते आणि परत येते तेव्हा नवरा बदललेला असतो. त्यांची सुरुवात मला माहीत नाही. शेवटही माहीत नाही.

त्या खोल्या शिर्डीतल्या एका लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर आहेत. माझी आई तिथे रूम करायची. रूम करायची म्हणजे गेलेल्या पाहुण्यांची खोली येणाऱ्या पाहुण्यांसाठी अशी कोरी करायची, की तिथे आधी कुणी झोपलं होतं असं वाटू नये. आईला जाऊन पाच महिने झाले. मागच्या आठवड्यात मी पिंपळवाडी रस्त्याची आमची भाड्याची खोली रिकामी केली. घरमालकांना किल्ली दिली. नगरच्या गाडीला वेळ होता, म्हणून छबूमावशीला भेटायला लॉजवर गेले. मजल्याची डावी बाजू आईची होती आणि उजवी छबूमावशीची. आता दोन्ही बाजू तिच्याकडे आहेत.

जिन्यात तोच वास होता. फिनेल, ओल्या चादरी आणि त्याखाली सुकत चाललेले गुलाब. मावशी दोनशे चारमध्ये होती.

"चपला भाईर काढ, आत्ताच पुसलंय," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बस. पलंगावर नगं, चादर घातलीय."

मी खिडकीच्या कट्ट्यावर बसले. समोरच्या भिंतीवर आता पातळ टीव्ही आहे. पूर्वी लोखंडी मांडणीवर पेटीसारखा मोठा टीव्ही असायचा आणि त्याच्या मागे पाली राहायच्या.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई मला बरोबर आणायची. घरी ठेवायचं तरी कुणाजवळ? मी पाच वर्षांची असताना वडील नगर-मनमाड रस्त्यावर टेम्पोसकट अपघातात गेले होते. मॅनेजरच्या नजरेला पडू नये म्हणून मी मागच्या जिन्याने वर यायची. काकड आरतीसाठी पहाटे उठलेले पाहुणे दहापर्यंत खोल्या सोडायचे. त्यांच्या मागे काय काय राहायचं! उदीच्या पुड्या, पेढ्यांचे चिकट खोके, नारळाच्या करवंट्या, दाबल्यामुळे काळे पडलेले गुलाबाचे हार. आंध्राकडच्या बायका जाताना मोगऱ्याचा गजरा आरशाच्या खिळ्याला अडकवून जायच्या. आई तो काढून माझ्या डोक्यात घालायची. "देवाला जाऊन आल्याल्या बाईचा हाय, काय हुत न्हाई," म्हणायची.

खिडकी उघडण्याच्याही आधी ती टीव्ही लावायची. आवाज असला की हात चालतो, असं तिचं म्हणणं होतं. टीव्ही बहुतेक वेळा तेलुगू बोलत सुरू व्हायचा, मग आई रिमोटवर एकतीस दाबायची. तिला वाचता येत नव्हतं, पण एकतीस येत होता. एकतीसवर दहा ते एक सिनेमा असायचा. एका खोलीला वीस मिनिटं लागायची. मग टीव्ही बंद, कुलूप, बादली उचलायची, पुढच्या खोलीचं कुलूप, टीव्ही, एकतीस. मधल्या वेळात सिनेमा पुढे गेलेला असायचा. खोलीत असतानाही सगळा दिसायचा असं नाही. आई चादर झटकायची तेव्हा ती हवेत फुगायची आणि सगळा टीव्ही झाकायची. कित्येक खून मी चादरीच्या पलीकडे ऐकले आहेत.

पॅसेजमध्ये आई आणि छबूमावशी बादल्या घेऊन भेटल्या की हिशेब व्हायचा.

"तुझ्या रूममधी काय झालं गं?"

"मेला."

"कोन?"

"मिशीवाला."

"बरं झालं बया. लई त्रास देत हुता."

मी नंतर कॉलेजच्या वाचनालयात सिनेमांवर लिहिलेले लेख वाचले. ते छान असतात. पण आई जे बघायची ते त्यांत कुणी लिहिलेलं मला अजून सापडलं नाही. मोठ्या बंगल्यातला पांढरा जिना दिसला की ती म्हणायची, "ह्यो पुसायला दोन बाया लागतील. कुटं हायेत त्या?" नायिका रडत पलंगावर उपडी पडली की, "पालथी पडू नगं गं बाई, काजळ निघत न्हाई." कुणी रागाने फुलदाणी फोडली की ती नायकाकडे बघायचीच नाही, जमिनीकडे बघायची. दाक्षिणात्य मारामाऱ्यांचे सिनेमे तिला अजिबात आवडायचे नाहीत, कारण त्यांत भाज्यांच्या गाड्या उलथवायचे. एका सिनेमात नायिका महिनाभर हॉटेलात राहते आणि बाहेरून आली की तिची खोली आवरलेली असते. आई हातातला ब्रश थांबवून म्हणाली होती, "आपोआप हुती का काय हिची रूम?" आणि एक खलनायक तिला फार आवडायचा. तो सहा जणांना मारतो, पण जेवल्यावर आपलं ताट आपण उचलतो.

देवादिकांचा सिनेमा लागला तर बदलायचा नाही असा तिचा नियम होता. तेवढ्या वेळात ती बाथरूम धुऊन घ्यायची. मला भुतांचे सिनेमे आवडायचे. ते चालू असले की आई माझ्यासाठी बाथरूमचं दार उघडं ठेवायची आणि पाण्याच्या आवाजातून अधूनमधून "हाय गं मी, हाय" म्हणायची.

आता त्या सिनेमाबद्दल. मी आठ वर्षांची होते. मे महिना होता, पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. दोनशे सहामध्ये आईने एकतीस लावला. पडद्यावर एक बाई होती. थकलेल्या चेहऱ्याची, पुष्कळ सिनेमांत आईचं काम करणारी. विरलेली साडी, कपाळ मोकळं. ती आपल्या लहान मुलीला घेऊन एका वसतिगृहाच्या मोठ्या फाटकापाशी येते. मुलगी पदर सोडत नाही. बाई तिची बोटं एक एक करून सोडवते. फाटक लागतं. आईने त्या वेळी चादर झटकली नाही. ती हातात धरून उभी राहिली.

तेवढ्यात खालून हाक आली. एकशे दहामध्ये नळ तुटून पाणी झालं होतं. आम्ही दोघी खाली गेलो. आईने पाणी काढलं, मी पायपुसणी पिळली. वर आलो ते सरळ दोनशे सातमध्ये, कारण सहा झालेली होती. सातच्या पाहुण्यांनी टीव्ही चालूच ठेवला होता. त्यावर तीच बाई होती. आता केस पांढरे, एका छोट्या घराच्या अंगणात वाळवण घालत होती. एक जीप येऊन थांबते. वर्दीतली तरुण मुलगी खाली उतरते, डोक्यावरची टोपी काढते आणि बाईच्या पाया पडते.

आई पलंगावर बसली. पाहुण्यांच्या पलंगावर बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "आली बघ," ती म्हणाली, "आली गं." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. नंतर तिने पॅसेजमध्ये छबूमावशीला सगळं सांगितलं, खाली धुणं धुणाऱ्या बायांना सांगितलं, आमच्या घरमालकिणीला सांगितलं. फाटक, बोटं, जीप, टोपी. मीही शेजारी उभी राहून मान हलवायची. मी पाहिलंच होतं ना. दोनशे सहाच्या दारातून निघून, एकशे दहामधलं पाणी काढून, दोनशे सातच्या दारात येईपर्यंत ती मुलगी मोठी झाली होती.

जूनमध्ये आईने मला श्रीरामपूरच्या बाजूला एका वसतिगृहात घातलं. चौथीत. तिथलं फाटक सिनेमातल्याइतकं मोठं नव्हतं, पण तिने माझी बोटं तशीच सोडवली. "रडू नगं," म्हणाली. "त्या पोरीगत सायब हून ये."

इथून पुढचं कसं लिहावं ते मला नीट कळत नाही. तिथे कुणी राक्षस नव्हते. पत्र्याखाली ओळीने लोखंडी पलंग होते. पहिल्याच आठवड्यात उवा झाल्या म्हणून सगळ्यांचे केस कानापर्यंत कापले, ते टोपलीत एकत्र पडले आणि कुणाचे कुठले ते कळेना. वरणाला हळदीशिवाय कसलाच वास नव्हता. हिवाळ्यात बोटांच्या बेचक्यांत खरूज व्हायची आणि आम्ही गंधकाचं पिवळं मलम लावून, बोटं फाकवून उन्हात बसायचो. संध्याकाळी सहा ते सात प्रार्थना आणि परवचा. त्या तासात साखर कारखान्याकडून मळीचा आंबूस वास यायचा. अजूनही तो वास आला की मला सतराचा पाढा आठवतो.

आणि मी अंथरूण ओलं करायची. चौथीत, पाचवीत, सहावीतसुद्धा. सगळ्यांच्या आधी उठून चादर धुवायची, कोरडी बाजू वर करून गादी पालटायची, आणि आईने शिकवलं होतं तसे चादरीचे कोपरे दुमडून गादीखाली घट्ट खोचायची. माझ्यासारखा पलंग कुणाचाच नसायचा. वसतिगृहाच्या बाई एकदा सगळ्या मुलींना म्हणाल्या, बघा, हिच्याकडून शिका. मुली हसल्या. त्यांना माहीत होतं.

आई दुसऱ्या रविवारी यायची. पिशवीत फरसाण, केळी आणि लॉजवरच्या छोट्या साबणाच्या वड्या असायच्या. आम्ही लिंबाखाली बसायचो. अभ्यास होतो का, ती विचारायची. मी हो म्हणायची. मग ती नवे सिनेमे सांगायची, खोल्यांसकट, आणि निघायच्या आधी तो एक पुन्हा सांगायची. फाटक, बोटं, जीप, टोपी. मधलं काही नाही. तिला मधलं माहीतच नव्हतं. मला वाटायचं, मधे काही असलं तरी ते सांगायचं नसतं, ती सिनेमातली मुलगीही सांगत नाही. पाच वाजताच्या एसटीने आई जायची. पहिलीच गाडी खच्चून भरलेली असली तरी ती तिलाच लोंबकळायची. तिला मागच्या गाडीची वाट बघत माझ्यासमोर उभं राहायचं नसायचं.

दहावी झाली, बारावी झाली. नगरला बी.ए.ला प्रवेश घेतला. आमच्या नात्यात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. अर्ज भरताना "पालकांचे शिक्षण" या रकान्यात काय लिहायचं ते समजेना, म्हणून मी रेघ ओढली होती.

मी दुसऱ्या वर्षात गेले तेव्हा आईच्या पायांवर सूज आली. मग तोंडावर. किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिस सुरू झालं. हातावर नस जोडून दिली होती, तिला कान लावला की आत कुणीतरी गुणगुणत असल्यासारखं ऐकू यायचं. पाणी मोजून प्यायचं होतं. भर उन्हाळ्यात ती बर्फाचा एक खडा गालात धरून बसायची आणि तो संपला की गाल चाचपून बघायची.

डायलिसिसच्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता. मशीनला चार तास लावून ठेवायचे आणि टीव्हीवर सिनेमा असायचा. आयुष्यात पहिल्यांदा आईला सिनेमे सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला मिळाले. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. चार-पाच बाऱ्या झाल्यावर ती म्हणाली, "शेवट काय धड न्हाईत गं. समदी एका जागी येत्यात आन फोटू काढल्यागत हुबी ऱ्हात्यात." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आपला त्यो तेवढा इथं लागत न्हाई. जीपवाला. तुझ्या मोबाईलमधी घावंल का? एकदा सगळा बघायचाय मला. ती पोरगी तिथं कशी ऱ्हाती, ते बघायचंय."

तिने मागितलेली ही एकच गोष्ट मला आठवते.

मला नाव माहीत नव्हतं. माझ्या खोलीतल्या स्नेहलला मी गोष्ट सांगितली. तिने सिनेमांतलं काही पाहायचं ठेवलेलं नाही. ती ऐकत असताना हसायला लागली. "अगं, हे दोन आहेत," ती म्हणाली. "आईचं काम करणारी बाई तेवढी एक आहे. हा वेगळा, तो वेगळा." तिने दोन्ही काढून दाखवले. मी रविवारी कानात हेडफोन घालून दोन्ही पाहिले. जीपमधून उतरणारी मुलगी कधी वसतिगृहात गेलेलीच नसते. ती खात्यापित्या घरातली असते, तिचे वडील मास्तर असतात. आणि फाटकाआड गेलेली मुलगी बाहेर येत नाही. पावसाळ्यात तिला ताप येतो. बाई नवा फ्रॉक घेऊन भेटायला येते, तोवर सगळं झालेलं असतं.

आईला हे सांगायला नको होतं, असं आता कुणी म्हणेल. मी चूक दुरुस्त करावी तसं सांगितलं. कॉलेजात आम्हाला तसंच शिकवतात. शुक्रवार होता. मशीन चालू होतं.

"आई, तो एक सिनेमा नाही. दोन आहेत."

"म्हंजी?"

"सहामधला वेगळा होता, सातमधला वेगळा. सातचा टीव्ही आधीच चालू होता ना, दुसराच नंबर लागलेला होता."

ती पुष्कळ वेळ मशीनच्या चाकाकडे बघत राहिली. ते चाक गोल फिरतं आणि नळीतून रक्त पुढे जातं.

"मंग ती पयली पोरगी?"

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"सांग की."

"ती जाते, आई. तापाने. तिथेच."

"मंग मी तुला," ती म्हणाली, "कशाच्या जिवावर धाडलं गं तिथं?"

नर्सने टीव्हीचा आवाज वाढवू का म्हणून विचारलं. आई म्हणाली, "बंद करा त्यो."

तीन बाऱ्या ती सिनेमाबद्दल काही बोलली नाही. मग एका मंगळवारी सुई टोचून झाल्यावर म्हणाली, "त्यो पयला लाव." मी नको म्हणाले. तिने नुसता मोकळा हात पुढे केला. हेडफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. मोबाईल मी धरून ठेवला होता, हात अवघडला तरी हलवला नाही. वसतिगृहाच्या पायऱ्या आल्या, त्या कोण पुसतं ते तिने विचारलं नाही. फाटक आलं, बोटं आली, फाटक लागलं. पुढचं आम्ही दोघींनी कधी एकत्र पाहिलं नव्हतं. ती शेवटपर्यंत जागी होती.

संपल्यावर तिने कानातलं काढलं.

"तुला ताप यायचा का तिथं?"

मला वसतिगृहाबद्दल तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नाही म्हणाले. मग म्हणाले, "यायचा."

"कोन बसायचं जवळ?"

"कुणी नाही. बाई गोळी द्यायच्या."

"आजून?"

मग मी सांगायला लागले. पहिल्या संध्याकाळपासून. ती गेल्यावर मी लिंबाखालीच बसून राहिले आणि तिथल्या स्वयंपाकिणीने मला उचलून नेलं, तिथपासून. केस कापले ते सांगितलं, मलम सांगितलं. चादरीचंही सांगितलं.

"कोपरे खोचायचीस का पन?" तिने विचारलं.

"हो. तू शिकवलेस तसे."

"मंग कुनाला कळलं नसंल."

"कळायचं, आई. वास यायचा."

तिने डोळे मिटले. "मला ठावं हाय त्यो वास," म्हणाली. "ल्हान लेकरू आसंल त्या रूमला आसतो. चादर काढताना कळतं. मी कदी कुनाला बोलले न्हाई. गुपचूप बादलीत घालायचे. आन माझी पोरगी..."

त्यानंतर प्रत्येक बारीला एक इयत्ता. असं ठरवलं नव्हतं, होत गेलं. टीव्ही बंद असायचा, शेजारच्या पलंगावरचे आजोबा कुरकुर करायचे. चौथी झाली. पाचवी झाली. सहावीला मधेच तिला उलट्या झाल्या म्हणून ती दोन बाऱ्यांत झाली. ती मधे फार बोलायची नाही. फक्त कधी एखादी मुलगी पुढे काय झाली, कधी ती स्वयंपाकीण अजून तिथे आहे का, असं विचारायची. सातवी एका शुक्रवारी संपली. "आठवी मंगळवारी," ती म्हणाली. सोमवारी सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच खाली बसली. शेजारच्यांनी रिक्षा आणेपर्यंत सगळं झालं होतं. नगरहून निघालेली माझी गाडी कोल्हारच्या पुलावर वाहनांच्या रांगेत उभी होती, तेव्हा मला फोन आला.

हे सगळं मी खिडकीच्या कट्ट्यावर बसून मावशीला सांगितलं नाही. तिला काय सांगायचं? तिला बरंचसं माहीत होतं.

"दर बारीला सांजच्याला फोन यायचा तिचा," मावशी उशीला अभ्रा घालता घालता म्हणाली. "बोलून दम लागायचा, तरी बोलायची."

"काय बोलायची?"

"तुझंच. आज चौथी झाली, आज पाचवी झाली. शिनेमा सांगितल्यागत सांगायची. केस कापले, ह्यंव झालं, त्यंव झालं. मी हिकडं रडायची, तर म्हनायची, थांब, फुडं लई हाय."

"आणि?"

मावशीने उशी पलंगावर ठेवली, थोपटली, पुन्हा उचलली.

"आन काय. शेवटच्याला म्हनली, पोरीचं काम लई चांगलं हाय, छबे. पर त्या आईचं काम मला पटलं न्हाई."

बाहेर पॅसेजमध्ये कुणाची तरी चाकांची बॅग खडखडत गेली. मी उठून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मावशीने ओली फरशी पुन्हा पुसली. मग तिने दुसऱ्या पलंगाची चादर उलगडली आणि एक टोक माझ्याकडे टाकलं.

"धर. सातवीपातूर मला ठावं हाय. आठवीत काय झालं?"

आठवीतली एकच गोष्ट मला आईला सांगायची होती. बाकी सगळं मी त्या एका गोष्टीपर्यंत पोचायला सांगत होते, असं आता वाटतं.

"आठवीत मी पळून आले होते, मावशी."

"कुटं?"

"इथं. एका रविवारी सकाळच्या प्रार्थनेला न जाता मागच्या कुंपणातून निघाले आणि एसटीत बसले. मागच्या जिन्याने वर आले. अकरा वाजले असतील. तू नव्हतीस पॅसेजमध्ये. आईच्या बाजूची टोकाची खोली उघडी होती."

मावशी चादर धरून थांबली.

"ती उशी हनुवटीखाली धरून अभ्रा चढवत होती आणि टीव्हीकडे बघून हसत होती. एकटीच. मोठ्याने. काय लागलं होतं ते मला दारातून दिसत नव्हतं. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. थोडा वेळ उभी राहिले. मग तिने चादर झटकली आणि ती चादर खाली यायच्या आत मी जिना उतरले. दुपारच्या जेवणाला हॉस्टेलवर परत होते. कुणाला कळलंही नाही."

"आगं पन आत का न्हाई गेलीस?" मावशीचा आवाज चिरकला. "दोन पावलांवर हुती ना ती."

मी चादरीचा कोपरा दुमडून गादीखाली घातला. तो नीट बसेना, म्हणून काढून पुन्हा घातला.

"तिचा सिनेमा चालू होता," मी म्हणाले.

खालून मॅनेजरने दोनशे चार झाली का म्हणून हाक मारली. मावशीने ओ दिली नाही. ती पलंगाच्या त्या बाजूला बसली, आत्ताच घातलेल्या चादरीवर.